थायलंडमध्ये ज्या प्राण्याचं नाव घेतलं की शिवी होते: 'हिआ' या शब्दाची गोष्ट

एप्रिल २०२१ मध्ये थायलंडमधला एक व्हिडिओ जगभर फिरला. नाखोन पाथोम प्रांतातल्या एका सेव्हन-इलेव्हन दुकानात भलीमोठी घोरपड शिरली होती. फळ्यांवरचा माल खाली पाडत ती वर वर चढत गेली आणि सगळ्यात वरच्या फळीवर जाऊन निवांत पसरली. दुकानातल्या लोकांचा आरडाओरडा, खाली पडणारे डबे आणि वर शांत बसलेला तो प्राणी असं ते दृश्य होतं. सोशल मीडियावर अनेकांनी त्याला 'गॉडझिला' म्हटलं.

बाहेरच्या जगासाठी ही गंमत होती. थायलंडमधल्या वृत्तनिवेदकांपुढे मात्र अशा प्रत्येक बातमीच्या वेळी एक अडचण उभी राहते. या प्राण्याचं नाव टीव्हीवर घ्यायचं कसं? कारण थाई भाषेतलं त्याचं मूळ नाव ही त्या भाषेतली एक जहाल शिवी आहे.

तो शब्द म्हणजे 'हिआ'.

हिआ म्हणजे नेमका कोणता प्राणी?

आपल्याकडे दिसणाऱ्या घोरपडीचाच हा पाण्यात रमणारा मोठा भाऊबंद. इंग्रजीत त्याला वॉटर मॉनिटर म्हणतात आणि शास्त्रीय नाव आहे 'व्हॅरॅनस साल्व्हेटर'. आपली नेहमीची घोरपड म्हणजे 'व्हॅरॅनस बेंगालेन्सिस'. दोघांची प्रजाती एकच, जाती वेगळ्या.

कोमोडो ड्रॅगननंतर जगातल्या सर्वांत वजनदार सरड्यांमध्ये हिआचा नंबर लागतो. पूर्ण वाढलेला प्राणी साधारण दीड ते दोन मीटर लांब असतो, आणि श्रीलंकेत तीन मीटरहून लांब प्राण्याचीही नोंद आहे. भारतात तो सुंदरबन, ओडिशातलं भितरकनिका, ईशान्येकडची राज्यं आणि अंदमान-निकोबार या भागांत आढळतो.

तो उत्तम पोहतो, झाडावर चढतो आणि जवळपास काहीही खातो. मासे, खेकडे, बेडूक, उंदीर, पक्ष्यांची अंडी, साप, मेलेली जनावरं आणि माणसाने टाकलेलं उष्टं-खरकटं, सगळं त्याला चालतं. बँकॉक हे कालव्यांचं शहर असल्यामुळे तिथे त्याची चंगळ आहे. गटारं, कालवे आणि तळ्यांच्या काठची घाण साफ करणारा हा फुकटचा सफाई कामगारच म्हणा. माणसाच्या अंगावर तो आपणहून येत नाही. कोंडीत पकडलं तर मात्र शेपटीचा फटका मारतो, चावतो आणि नखांनी ओरबाडतो.

त्याच्या शास्त्रीय नावातला 'साल्व्हेटर' हा लॅटिन शब्द आहे आणि त्याचा अर्थ होतो 'तारणारा'. १७६८ मध्ये हे नाव दिलं गेलं. म्हणजे शास्त्रज्ञांच्या वहीत जो तारणहार, तोच बँकॉकच्या रस्त्यावर शिवी.

शिवी म्हणून हा शब्द कसा वापरतात?

मराठीतही प्राण्यांची नावं घेऊन आपण लोकांना बोलतोच. गाढव, बैल, डुक्कर, माकड ही नावं रोजची आहेत. पण शाळेत गाढवाचं चित्र दाखवून बाईंनी 'हा गाढव' म्हटलं, तर कुणाच्या भुवया उंचावत नाहीत. प्राण्याचं नाव आपल्या जागी आणि टोमणा आपल्या जागी राहतो.

'हिआ'च्या बाबतीत तसं राहिलेलं नाही. शिवीचा अर्थ इतका वरचढ झाला आहे की खरा प्राणी समोर असतानाही अनेक थाई लोक त्याचं नाव घ्यायला कचरतात. मोठ्या माणसांसमोर, वर्गात किंवा कार्यालयात हा शब्द उच्चारणं म्हणजे संस्कार नसल्याचं लक्षण.

एखाद्या पुरुषाला शिवी देताना पुढे 'आय' हे तुच्छतेचं उपपद लावतात आणि 'आय हिआ' म्हणतात. बाईला उद्देशून असेल तर 'ई हिआ'. अर्थ साधारण 'नीच, हलकट' असा, पण धार त्याहून बरीच जास्त. अनोळखी माणसाला रस्त्यावर असं म्हटलं, तर प्रकरण हातघाईवर जाऊ शकतं.

मात्र जवळच्या मित्रांच्या टोळक्यात हाच शब्द सहज वापरला जातो. बोटाला दार लागलं, बस चुकली, परीक्षेत अनपेक्षित प्रश्न आला की तोंडातून एकटा 'हिआ!' निघतो. शिवाय तो जोर देण्यासाठीही येतो. 'रॉन हिआ हिआ' म्हणजे भयंकर उकडतंय. 'दी हिआ हिआ' म्हणजे चक्क 'जबरदस्त भारी'. शिवीच शाबासकी होण्याची ही तऱ्हा मराठी कॉलेजकट्ट्यालाही अनोळखी नाही.

सूर चुकला की 'दादा'ची शिवी होते

थाई भाषेत पाच सूर आहेत. सपाट, खालचा, उतरता, वरचा आणि चढता. अक्षरं तीच असली तरी सूर बदलला की शब्द बदलतो.

प्राण्याचं नाव असलेला 'हिआ' उतरत्या सुरात म्हणतात. आवाज वरून सुरू होऊन खाली येतो. पण हाच शब्द सपाट सुरात म्हटला, तर त्याचा अर्थ होतो 'मोठा भाऊ'. हा दुसरा शब्द चीनमधून आलेल्या तिओच्यू समाजाच्या बोलीतून थाई भाषेत आला. बँकॉकमधल्या चिनी वंशाच्या लोकांत या समाजाची संख्या मोठी आहे. त्यामुळे दुकानदाराला, व्यापाऱ्याला किंवा ओळखीच्या वडीलधाऱ्या पुरुषाला 'हिआ' अशी आदराने हाक मारण्याची रीत आहे. आपण 'दादा' किंवा 'शेठ' म्हणतो, तसंच.

आता नवशिक्या परदेशी माणसाने दुकानदाराला 'दादा' म्हणायला जाऊन आवाज थोडा खाली सोडला तर काय होईल, ते सांगायला नको. लिहिताना मात्र हा गोंधळ होत नाही, कारण थाई लिपीत दोन्ही शब्दांचं स्पेलिंग वेगळं आहे.

घोरपडीवर एवढा राग कशासाठी?

थाई लोक यामागे प्रामुख्याने तीन कारणं सांगतात.

पहिलं कारण गावाकडचं. कोंबड्या, बदकं आणि त्यांची अंडी पळवणारा हा प्राणी शेतकऱ्याचा जुना वैरी. रात्री खुराड्यात शिरायचं आणि सकाळी पाण्यात नाहीसं व्हायचं, ही त्याची ख्याती. चोराला शिव्या पडतात, त्या त्याच्या वाट्याला आल्या.

दुसरं कारण त्याच्या खाण्याचं. तो सडलेलं मांस खातो आणि मेलेल्या जनावरांभोवती दिसतो. मृत्यू आणि घाण यांच्याशी नातं जोडलं गेलं की प्राणी अशुभ ठरायला वेळ लागत नाही. आपल्याकडे घुबडाचं आणि गिधाडाचं काय झालं, ते आठवून पाहा.

तिसरं कारण श्रद्धेचं. हिआ घरात शिरला की घरावर संकट येतं, असा जुना समज आहे. घरात शिरलेल्या हिआला शिव्या घालत हाकलायचं नाही, तर गोड बोलून वाटेला लावायचं, अशी रीत त्यातूनच पडली. काही घरांत फुलं आणि उदबत्तीही दाखवतात.

आता या भीतीला लॉटरीचीही जोड मिळाली आहे. थायलंडमध्ये सरकारी लॉटरीची सोडत महिन्यातून दोनदा, साधारणपणे १ आणि १६ तारखेला निघते. घरात विचित्र प्राणी आला की त्यातून 'नंबर' शोधण्याची हौस तिथे मोठी आहे. घराचा क्रमांक, प्राणी दिसला ती तारीख, अगदी त्याच्या अंगावरचे ठिपकेही त्यासाठी चालतात. काल जो अपशकुन होता, तो आज तिकिटाचा आकडा सांगतो.

हा शब्द नेहमीच असा होता का?

नाही, आणि त्याचा एक चविष्ट पुरावा मिठाईच्या दुकानात मिळतो.

थायलंडमध्ये 'खनोम खाय हाँग' नावाचा तळलेला गोड पदार्थ मिळतो. चिकट तांदळाच्या पिठाची पारी, आत मिरपूड घातलेलं मुगाच्या डाळीचं सारण आणि बाहेरून साखरेचा पांढरा थर. 'खाय' म्हणजे अंडं. 'हाँग' म्हणजे हंस, आणि हा शब्द आपल्या 'हंस'चाच थाई अवतार. म्हणजे नाव झालं 'हंसाची अंडी'.

पण या मिठाईचं जुनं नाव होतं 'खनोम खाय हिआ', म्हणजे 'हिआची अंडी'. तिच्याबद्दल एक प्रसिद्ध कथा सांगतात. आजच्या चक्री राजघराण्याचे संस्थापक राजा राम पहिले (कारकीर्द १७८२ ते १८०९) यांना हिआची अंडी खायची इच्छा झाली. तो अंड्यांचा हंगाम नव्हता. तेव्हा चाओ चोम वॅन या त्यांच्या राणीवशातल्या स्त्रीने पीठ आणि मूगडाळ वापरून अंड्यासारखी दिसणारी ही मिठाई केली आणि राजापुढे ठेवली.

कथेचा तपशील बाजूला ठेवला, तरी नाव बरंच काही सांगून जातं. ज्या काळात राजाच्या ताटातल्या पदार्थाला हे नाव चालत होतं, त्या काळात ते तोंडावर घेण्याची लाज नव्हती. पुढे शब्द घाण झाला आणि मिठाईला हंसाच्या पंखाखाली आसरा घ्यावा लागला. पाककृती तीच राहिली, फक्त पाटी बदलली.

दुसरा पुरावा त्याहून जुना आणि थेट धर्मग्रंथातला. बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या जातककथांमध्ये 'गोधजातक' नावाच्या कथा आहेत. पाली आणि संस्कृतमध्ये 'गोधा' म्हणजे घोरपड. एका कथेत बोधिसत्त्व घोरपडीच्या रूपात जन्मलेले असतात. ती घोरपड एका तापसाला मान देऊन रोज भेटायला जाते. पण तापसाला घोरपडीच्या मांसाची चटक लागते आणि तो तिला मारायला हत्यार लपवून बसतो. घोरपड त्याचा डाव ओळखते आणि वरून साधू, आतून शिकारी असलेल्या त्या माणसाला चार शब्द सुनावते.

थाई भाषांतरात या 'गोधा'साठी शब्द येतो 'हिआ'. बौद्ध देशात ज्या प्राण्याच्या नावाने शिवी देतात, त्याच प्राण्याच्या रूपात बोधिसत्त्व जन्मले होते, ही गोष्ट अनेक थाई लोक स्वतःच हसत हसत सांगतात.

'सोनं-चांदी' म्हणा, पण ते नाव नको

मूळ नाव घेता येत नाही म्हटल्यावर पर्याय शोधावा लागला. तो आहे 'तुआ ङन तुआ थोंग'. ('वाङ्मय' या शब्दात 'ङ' जसा येतो, तसाच इथे सुरुवातीला म्हणायचा.) 'तुआ' म्हणजे अंग किंवा शरीर, आणि प्राणी मोजतानाही हाच शब्द लावतात. 'ङन' म्हणजे चांदी किंवा पैसा आणि 'थोंग' म्हणजे सोनं. थोडक्यात, 'चांदीचा जीव, सोन्याचा जीव'.

बातम्या, सरकारी सूचना आणि सभ्य बोलणं यांत हेच नाव चालतं. थाई पोस्टचं यांत्रिक भाषांतर वाचताना 'सोन्या-चांदीचं शरीर घरात शिरलं' अशा अर्थाचं काहीतरी विचित्र वाक्य दिसलं, तर समजून घ्या. कुणाच्या घरात खजिना सापडलेला नाही, स्वयंपाकघरात दोन मीटरची घोरपड आली आहे.

यामागचं तर्कशास्त्र मराठी माणसाला नवं नाही. घरातून निघताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणायचं, दिवा 'विझवला' न म्हणता 'शांत केला' म्हणायचं, दुकान 'बंद केलं' ऐवजी 'वाढवलं' म्हणायचं. अशुभाला शुभ नावाने हाक मारली की त्याचा दोष उतरतो, अशी ती भावना आहे.

पण शब्दांचं एक खोडकर वागणं असतं. सभ्य नाव जास्त दिवस सभ्य राहत नाही. आता थायलंडमध्ये एखाद्याला चिमटा काढायचा असेल, तर 'तो म्हणजे अगदी सोन्या-चांदीचा जीव आहे' असंही म्हणतात. ऐकणाऱ्याला काय म्हणायचंय ते बरोबर कळतं. जो डाग झाकायला नवं कापड आणलं, तोच डाग कापडावर उमटला.

'वोरानुत' नावाच्या बायकांनी काय बिघडवलं होतं?

२००९ मध्ये आणखी एक तोडगा पुढे आला. शास्त्रीय नाव 'व्हॅरॅनस' आहे, तर त्याच्याशी जुळणारं 'वोरानुत' हे नाव या प्राण्याला द्यावं, असा प्रस्ताव वन्यजीव खात्याच्या पातळीवर चर्चेत आला. कानाला गोड आणि शास्त्राला धरून असलेलं हे नाव घेताना कुणाची जीभ अडखळली नसती.

अडचण एवढीच होती की 'वोरानुत' हे थायलंडमधल्या मुलींचं नेहमीचं नाव आहे. त्यातला 'वर' म्हणजे श्रेष्ठ, आणि 'नुत' हा भाग आपल्या 'अनुज-अनुजा'चं रूप. धाकटी बहीण किंवा तरुणी असा त्याचा अर्थ. तिथल्या एका लोकप्रिय अभिनेत्रीचंही हेच नाव. आपल्याकडे उद्या सरकारने एखाद्या बदनाम प्राण्याला 'अनुजा' म्हणायचं ठरवलं, तर घरोघरच्या अनुजांना काय वाटेल? हे नाव असलेल्या बायकांनी नाराजी व्यक्त केली आणि नव्या नावाने काही मूळ धरलं नाही. शिवी पुसण्याच्या नादात ती चांगल्याभल्या माणसांच्या नावाला चिकटण्याची वेळ आली होती. प्राणी मात्र होता तिथेच राहिला.

सोशल मीडियावरच्या पळवाटा

'शब्द लिहायचा आहे, पण लिहायचा नाही' हा पेच इंटरनेटवर सगळीकडे असतो. थाई तरुणांनी त्यावर बरेच उपाय काढले आहेत.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे पहिलं अक्षर बदलायचं. 'हिआ'चं 'छिआ' केलं की शिवीची धार बोथट होते. मराठीत चारचौघांत शिवी अर्धवट गिळून भलताच शब्द बोलतात, त्यातलाच हा प्रकार. काही जण मधलं अक्षर गाळून तिथे आडवी रेघ टाकतात.

आणखी एक उपाय इंग्रजीतून आला. 'इथे' या अर्थाचा इंग्रजी शब्द 'हिअर' थाई कानाला थेट 'हिआ'सारखा ऐकू येतो. मग 'आय हिअर' असं निरागस दिसणारं इंग्रजी लिहायचं आणि वाचणाऱ्याने काय ते समजून घ्यायचं. थाई मित्राच्या कमेंटमध्ये व्याकरणाला धरून नसलेलं हे वाक्य दिसलं, तर तो स्वतःचा ठावठिकाणा सांगत नाहीये.

सत्त्व, म्हैस आणि बाकीचं प्राणिसंग्रहालय

थाई शिव्यांमध्ये हिआ एकटा नाही. त्याच्या जोडीने येणारी दुसरी जहाल शिवी म्हणजे 'आय सत', अर्थात 'जनावर कुठला'. हा 'सत' आला आहे संस्कृत 'सत्त्व' या शब्दावरून. संस्कृतमध्ये सत्त्वाचे अनेक अर्थ आहेत आणि 'जीव, प्राणी' हा त्यातलाच एक. मराठीत आपण सत्त्वशील, सात्त्विक, सत्त्वपरीक्षा म्हणतो, ते एका टोकाला गेले. थाई भाषेत तोच शब्द प्राणी या अर्थावर स्थिरावला आणि तिथून शिवीपर्यंत उतरला. विशेष म्हणजे 'बोधिसत्त्व' या शब्दाच्या शेवटीही थाई लिपीत हेच अक्षर-रूप लिहितात. पूजेचा शब्द आणि भांडणाचा शब्द एकाच मुळाचे.

तिसरा शब्द 'ख्वाय', म्हणजे म्हैस किंवा रेडा. मूर्ख माणसाला ख्वाय म्हणतात. ज्या जनावराच्या जिवावर थायलंडची भातशेती पिढ्यान् पिढ्या उभी राहिली, त्याच्याच वाट्याला हा मान आला. गेल्या दोन दशकांतल्या राजकीय संघर्षात ही शिवी आणखी विखारी झाली. ग्रामीण भागातून आलेल्या 'लाल शर्ट' आंदोलकांना त्यांचे विरोधक 'लाल म्हशी' म्हणून हिणवत. त्यात टोमणा फक्त बुद्धीला नव्हता, गरिबीला आणि गावंढळपणालाही होता.

कायदा काय म्हणतो?

थायलंडच्या दंड संहितेच्या कलम ३९३ नुसार एखाद्याचा त्याच्या समोर किंवा प्रसिद्धीच्या माध्यमातून अपमान करणं हा गुन्हा आहे. त्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद, १० हजार बाहतपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. प्राण्यांची नावं घेऊन केलेली शिवीगाळ यात येऊ शकते. त्यामुळे थायलंडमध्ये कुणाच्या पोस्टखाली 'नवा शिकलेला शब्द' वापरून पाहण्याची हौस महागात पडू शकते.

नावाची किंमत प्राणी मोजतो

बँकॉकच्या मध्यभागी लुम्फिनी पार्क आहे. बुद्धाचं जन्मस्थान लुंबिनी, त्यावरून या बागेला नाव मिळालं. तिथल्या तळ्यांमध्ये हिआ एवढ्या संख्येने राहतात की परदेशी पर्यटक खास त्यांना पाहायला येतात. सकाळी धावणारी माणसं, सायकली आणि वाटेवर ऊन खात पडलेले दीड मीटरचे सरडे हे तिथलं रोजचं चित्र.

सप्टेंबर २०१६ मध्ये प्रशासनाने बागेतले काही प्राणी पकडून रात्चाबुरी प्रांतातल्या वन्यजीव केंद्रात हलवले. तेव्हा बागेत सुमारे ४०० हिआ असल्याचा अंदाज होता आणि पहिल्या टप्प्यात जवळपास ४० पकडले गेले. संख्या फार वाढली, झाडाझुडपांचं नुकसान होतं आणि लोक घाबरतात, ही त्यामागची कारणं होती. सगळे काढले मात्र नाहीत. आजही लुम्फिनीत गेलात, तर ते दिसतातच.

हा प्राणी थायलंडमध्ये कायद्याने संरक्षित आहे. त्याच्या कातड्याला पर्स, पट्टे आणि घड्याळाच्या पट्ट्यांसाठी मोठी मागणी असते. आग्नेय आशियातून, विशेषतः इंडोनेशियातून, या जातीच्या कातड्यांचा व्यापार दरवर्षी लाखांच्या घरात होत आला आहे. म्हणून वन्यजीव व्यापारावरच्या 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात त्याचा समावेश आहे. थायलंडच्या कासेत्सार्त विद्यापीठाने त्याच्या पैदाशीवर संशोधन केलं आहे. पण तिथेही नाव आडवं येतंच. ज्या शब्दाने भांडण पेटतं, त्या शब्दाची पाटी लावून पर्स विकणार कशी?

आज ही जात नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर नाही. तरीही नावाचा परिणाम होतोच. उंदीर आणि सडकी घाण कमी करणाऱ्या प्राण्याबद्दल लहान मुलाने आईला 'हे काय आहे?' असं विचारलं, तर आईला सरळ उत्तर देता येत नाही. ज्याचं नावच घेता येत नाही, त्याच्याबद्दल आपुलकीने बोलणार तरी कसं?

आणि मराठीतली घोरपड?

याच प्रजातीतल्या प्राण्याचं नाव मराठीत मात्र मानाचं आहे. 'घोरपडे' हे मातब्बर सरदार घराण्यांचं आडनाव. किल्ल्याच्या कड्यावर घोरपडीच्या मदतीने चढाई केल्यामुळे हे नाव मिळालं, अशी घराण्याची परंपरा सांगते. ४ फेब्रुवारी १६७० च्या कोंढाण्याच्या लढाईत तानाजी मालुसऱ्यांनी 'यशवंती' नावाच्या घोरपडीला दोर बांधून कडा सर केला, ही गोष्ट तर प्रत्येक मराठी घरात माहीत आहे. इतिहासकार ती खरी मानत नाहीत, पण लोकांच्या मनात घोरपड म्हणजे चिवटपणा, पकड आणि पराक्रम.

मग आपल्याकडे घोरपड सुखात आहे का? तसंही नाही. तेल आणि मांसासाठी तिची शिकार होते. तेल सांधेदुखीवर आणि मांस ताकदीसाठी गुणकारी, असे समज त्यामागे असतात. 'हत्था जोडी' नावाची दुर्मीळ वनस्पतीची मुळी म्हणून जे पूजेसाठी आणि 'धनलाभासाठी' विकलं जात होतं, ते प्रत्यक्षात नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय असल्याचं २०१७ मध्ये तपासात उघड झालं. त्याची विक्री ऑनलाइन सुरू होती. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत घोरपड आहे. म्हणजे वाघाच्या रांगेत. तिची शिकार किंवा तिच्या अवयवांची खरेदी-विक्री केल्यास तुरुंगवास होऊ शकतो.

एका भाषेने या प्राण्याला शिवी केलं, दुसरीने आडनाव. दोन्हीकडे लोकांनी त्यात स्वतःचीच भीती, स्वतःचाच अभिमान पाहिला. त्याला ना शिवी कळते ना शौर्यगाथा. त्याला लागतं थोडं पाणी, थोडं ऊन आणि माणसापासून चार हात अंतर.

थायलंडला जाणार असाल तर

- बँकॉकमध्ये हा प्राणी दिसला, तर 'तुआ ङन तुआ थोंग' म्हणा. हसू मिळेल, राग नाही.
- 'हिआ' हा शब्द गंमत म्हणूनही वापरू नका. सूर कुठे घसरेल ते सांगता येत नाही.
- त्याला खायला घालू नका आणि सेल्फीसाठी वाट अडवू नका. पाण्याकडे जायला मोकळी वाट मिळाली की तो आपोआप निघून जातो.
- घोरपडीच्या जातीच्या कातड्याची वस्तू विकत घेऊन परत आणायचा मोह टाळा. कागदपत्रांशिवाय ती विमानतळावर जप्त होऊ शकते आणि कारवाईही होऊ शकते.